जमीन ओढत नाही

बारशाच्या दिवशी मी पाटापासून वीतभर वर अडकले.

गुडघे वाकलेले, पाठ मागे झुकलेली, एक हात मालनच्या खांद्यावर. बाळ पहिल्यांदा पणजीच्या मांडीवर द्यायचं, अशी आमच्या पोवारांकडची रीत. माझी नात रेवा कुंचीतलं बाळ घेऊन समोर उभी होती. इतक्यात माझ्या मांड्यांवरच्या पट्ट्या कडक झाल्या, गुडघ्यांतल्या चकत्या खटकन बसल्या आणि कमरेवरचा दिवा लाल झाला. आता खाली जाता येईना की वर येता येईना.

"आजी, खुर्ची न्हाई आन् खुर्चीवर बसल्यागत दिसताय," मालन कानाशी म्हणाली. ती दिवसभर माझ्याजवळ असते. तिला कशाचंही हसू येतं.

"खांदा हलवू नकोस. पडेन मी."

"पडताय कशाच्या? हलाय तरी येतंय का?"

ते खरं होतं. हॉलमध्ये तीसेक बायका होत्या. एकेक करत सगळ्या माझ्याकडे वळल्या. माझी मुलगी केतकी फोन घेऊन कंपनीशी बोलू लागली. तिकडून तीन प्रश्न आले: वापरकर्त्याचं वजन किती, आज औषधं दिली का, आणि वापरकर्ता गोंधळलेल्या मनःस्थितीत आहे का. तिसऱ्या प्रश्नाला केतकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग "नाही" म्हणाली. मध्ये थोडा वेळ गेला. तो मला दिसला.

कुलूप सुटायला सतरा मिनिटं लागली. तोवर बाळ रडायला लागलं होतं, म्हणून रेवाच्या सासूबाईंनी मांडी घातली आणि बाळ घेतलं. मला खुर्ची दिली.

अंगावर काय होतं ते सांगते. कंपनीनं त्याला नाव दिलंय "सोबत". कमरेपासून तळव्यापर्यंत पट्ट्या, सांध्यांवर चकत्या, पायात जाड तळाचे बूट. पंचाहत्तरीच्या पुढच्या, हाडं ठिसूळ झालेल्या माणसांना विम्यातूनच मिळतं. आधी तुमच्या हाडांचं चित्र काढतात. मग संगणक त्या चित्राचे लाखभर बारीक तुकडे करतो आणि तुम्ही चालता, बसता, वळता तेव्हा प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतोय ते एका सेकंदात पन्नास वेळा मोजतो. ताण हाडाच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या वर गेला, किंवा तोल जाईल असं दिसलं, की सांधे जागच्या जागी धरून ठेवायचे. हाड मोडू द्यायचं नाही. कल्पना चांगली आहे. मी अजूनही तसंच म्हणते.

दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पडले आणि नऊ तास तिथेच होते. केतकी तिच्या रक्ततपासणीच्या लॅबमधून आली तेव्हा तिला मी दिसले. त्या दिवसापासून सोबत अंगावर आली. तिची कडी उघडते फक्त केतकीच्या अंगठ्यानं, सकाळी आंघोळीला आणि झोपताना; अधांतरी अडकल्यावर कडी उघडली तर मी कोसळेन, म्हणून तेव्हा कंपनीच कुलूप सोडते. म्हणजे पन्नाशीच्या लेकीचं कुलूप एक्क्याऐंशी वर्षांच्या आईला. मी एकदा तसं म्हणाले. ती म्हणाली, "तू मला शाळेत असताना पडेन म्हणून सायकल दिली नव्हतीस, ते आठवतंय का?" 

बारशानंतर दोन दिवसांनी मी शेजारच्या इमारतीत बागवान सरांकडे गेले. यासीन बागवान, निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांच्याही अंगावर सोबत होती. महिन्याभरापूर्वी खुर्चीवरून पुढे वाकून चप्पल सरळ करायला गेले आणि तोंडावर पडले. मनगट आणि खुबा, दोन्ही मोडले. आता पलंगावर होते.

"बारशात पुतळा झालात म्हणे बाई," त्यांनी सुरुवात केली.

"गावभर झालं का?"

"सातारा आहे हे. पुतळा झाला की हार घालायला माणसं तयारच."

मग त्यांनी उशीखालचं पत्र काढून दिलं. कंपनीचं होतं. सोबतच्या नोंदींनुसार त्या क्षणी तोल जाण्याची शक्यता नव्हती, सबब वापरकर्त्यानं कडी सैल केली असावी किंवा त्याचं स्मरण विश्वासार्ह नसावं. या पत्रामुळे त्यांचा मुलगा आसिफ त्यांना कराडच्या देखभाल केंद्रात ठेवणार होता. महिनाअखेरीस गाडी येणार होती.

"दिवा हिरवा होता," सर म्हणाले. "कडी सैल असती तर तो विझला असता. मी वाकायच्या आधी बघितला. रोज बघतो. पण बाई, तुमचाच घोटाळा झाला असं सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं की आता मलाच वाटायला लागलंय, खरंच होता का हो हिरवा?"

ज्या माणसानं चाळीस वर्षं मुलांकडून नद्या पाठ करून घेतल्या, तो मला विचारत होता.

घरी येऊन मी माझ्या बारशाच्या सतरा मिनिटांचा तपशीलवार अहवाल मागवला. तो प्रत्येकाला मिळतो. चाळीस पानं आकड्यांची असतात म्हणून कुणी उघडत नाही. मी आयुष्यभर असेच आकडे वाचले होते. एकविसाव्या पानावर तळव्यांखालचे भार होते. दोन्ही चवड्यांखाली आकड्यांच्या मागे आडवी रेघ. उणे एकतीस किलो. उणे अठ्ठावीस.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. रेघ होती.

ही रेघ मला चौऱ्याऐंशी साली भेटली होती. चिंचवडच्या एका डिझाइन ऑफिसात मी एकटी मुलगी. कागद कारखान्याच्या वाफेच्या नळीचं काम होतं. नळी तापली की लांबते, वाकते, उचलली जाते. तिचं गणित भाड्यानं तासावर घेतलेल्या संगणकावर करायचं. आता, हवेत तरंगणाऱ्या वस्तूचं गणित सुटत नाही. ती कुठे टेकली आहे ते संगणकाला सांगावं लागतं. टेकू दगडासारखा ताठ धरला तर उत्तर चुकतं, कारण खरा टेकू थोडा तरी दबतो. म्हणून टेकूच्या जागी स्प्रिंग मांडायची, इतकं ओझं आलं की इतकं दबणार. मी मांडली, उत्तर घेऊन वर्तक साहेबांपुढे ठेवलं.

"पोवार, हे उणे चारशे काय आहे?"

"सर, टेकूवरचा भार."

"उणे म्हणजे तुमचा टेकू नळीला खाली ओढतोय. त्याला काय हात आहेत?"

मला तेव्हा कळलं. स्प्रिंग दाबली तर ढकलते आणि ताणली तर ओढते, दोन्ही बाजूंनी काम करते. पण नळी टेकूवर नुसती ठेवलेली असते. ती वर उचलली की टेकू तिला सोडून देणार, धरून ठेवणार नाही. साहेबांनी मला कारखान्यात पाठवलं. वाफ चालू असताना मी शिडीनं वर चढले आणि नळी आणि टेकू यांच्यामध्ये वहीचा कागद घातला. तो अलगद आरपार गेला. भार शून्य होता. आणि माझ्या खोट्या टेकूनं जे चारशे किलो धरले होते ते प्रत्यक्षात पलीकडच्या पंपाच्या तोंडावर येत होते. गणितात तो पंप मजेत होता. खरा पंप गळत होता.

अहवाल वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मालनला जमिनीवर बसवलं, हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान दिलं.

"मी मागे ठेवलेल्या स्टुलावर हात टेकून खाली जाणार. अडकले की हे पान माझ्या चवड्याखाली घालायचं. केतकीला फोन लगेच नाही करायचा."

"आन् अडकून ऱ्हायलासा म्हंजे?"

"तर तू बस माझ्याशी गप्पा मारत."

मी खाली गेले. लाल दिवा, खटका. मालननं पान सरकवलं.

"जातंय की वं. तेलावरनं गेल्यागत."

"पुरं आरपार?"

"पलीकडनं काढलं बी. बोटं तर तुमची वरच हायती."

अहवालात त्याच क्षणी उणे एकोणतीस किलो नोंदलं गेलं. माझं वजन मागच्या हातावर आणि स्टुलावर होतं. सोबतला स्टूल ठाऊक नव्हतं, हात ठाऊक नव्हता, पाट तर नव्हताच. तिला फक्त दोन तळवे ठाऊक, आणि खुर्ची. प्रत्येक तळव्याखाली गणितातल्या बारा स्प्रिंगा, दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या. मी मागे झुकले की तिला वाटायचं, माझे चवडे जमिनीला खिळे ठोकून बसवलेत आणि मी त्या खिळ्यांना लोंबकळते आहे. मग मांडीच्या हाडात भलताच ताण दिसणार, नाही तर काय. पूर्ण पाऊल उचललं तर त्या स्प्रिंगा सुटत होत्या, म्हणून चालताना काही बिघडत नव्हतं. अर्धंच पाऊल उचललं तर सुटत नव्हत्या.

मग कुलूप सुटल्यावर मी खुर्चीवरून पुढे वाकले, अगदी थोडी, आणि पान टाचांखाली घालायला लावलं. तेही गेलं. टाचा सुटल्या होत्या. दिवा हिरवा होता. गणितात माझ्या टाचा खिळलेल्या होत्या, तोल जाणं शक्यच नव्हतं.

बागवान सर असेच पडले होते, हिरव्या दिव्यात.

मी त्याच दिवशी कंपनीला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण त्याच संध्याकाळी मी कॅलेंडरच्या पाठीवर माझं स्वतःचं गणित मांडलं. खोट्या स्प्रिंगा काढून टाकल्या तर जमिनीवर बसताना माझ्या डाव्या खुब्याच्या हाडावर येणारा ताण पन्नास टक्क्यांच्या आत. बसायला खुशाल मोकळीक. पण उठताना पुढे झुकावं लागतं. टाचा सुटतात, तोल सावरायला पाऊल आपटतं, आणि तो आपटा त्या बारीक झालेल्या हाडावर येतो. अहवाल म्हणत होता एकसष्ट टक्के. मला मिळाले एकशे चार. तीनदा केलं. एकशे चार, एकशे दोन, एकशे चार. शंभर म्हणजे लगेच मोडतं असं नाही. शंभरच्या पुढे नशिबाचा भाग.

म्हणजे चूक सुधारली की सोबत मला जमिनीवर बसू देणार आणि तिथून काय, खुर्चीवरूनही उठू देणार नाही. कुणी उठवून उभं केलं तर चालता येईल. मालन सहाला जाते, केतकी साडेसातला येते.

चार दिवस मी कुणाला बोलले नाही. त्या चार दिवसांत मोती चौकापर्यंत चालत गेले, पेढे आणले, एका दुपारी जुन्या मैत्रिणीकडे तीन जिने चढून गेले. दर वेळी खुर्चीच्या कडेवर येऊन मी दिव्याकडे बघायची. हिरवा. आणि उठायची. 

पाचव्या दिवशी सरांकडे गेले तर आसिफ त्यांची पुस्तकं खोक्यात भरत होता. वाईट मुलगा नाही. हळू भरत होता.

"अब्बा, नकाशे नेता येणार नाहीत. खोली लहान आहे तिथे."

"असू दे," सर म्हणाले. "तसंही आता गोंधळच होतो माझा."

त्यांनी ते अगदी शहाण्या मुलासारखं म्हटलं. पत्र त्यांना पटलं होतं.

संध्याकाळी जेवताना मी केतकीला सगळं सांगितलं, कागदासकट.

"म्हणजे तुला एकटीला उठता येणार नाही."

"नाही."

"आणि कळवलं नाहीस तर?"

"आत्ता आहे तसं. पाटावर बसायचं नाही, बाकी हिंडायचं."

"मग नको कळवूस." तिनं भाताचा घास केला. "आई, तू दिवसातून कितीदा उठतेस?"

"परवा मोजलं. एकवीसदा."

"एकवीसदा लॅबमधून येऊ मी? सरांचं वाईट वाटतंय मला. पण तू तुझ्यापुरतं बघ."

"मी माझ्यापुरतंच बघितलं चार दिवस. केतकी, उठताना मी आत्ताही एकशे चारवरच असते. दिवा हिरवा असतो, एवढंच."

तिचा हात ताटातच राहिला. रक्ताच्या आकड्यांवर जगणारी मुलगी ती. आकडा कळायला तिला वेळ लागत नाही.

"रोज एकवीसदा," ती म्हणाली. "माझ्या देखत."

"हो."

"आणि चार दिवस बोलली नाहीस."

"पेढे आणायचे होते."

ती हसली नाही. ताट तसंच ठेवून उठली, माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी उठायला लागले तेव्हा तिनं दोन्ही खांदे धरून मला खाली दाबलं. "थांब. मी उठवते." सोबतचं कुलूप अजून बदललेलं नव्हतं, पण मी त्या क्षणीच बसले ती बसले.

कंपनीला कळवल्यावर मला ऋजुता फडतरे नावाची अभियंता भेटली. पडद्यावर दिसत होती, पस्तिशीची असेल. पहिली दहा मिनिटं ती माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलली. मी तिला एकविसावं पान उघडायला सांगितलं.

"उणे भार सेन्सरचा गोंगाट असतो आजी, उगाच खालीवर होणारे आकडे."

"गोंगाट एकदा वर असतो, एकदा खाली. हा सतरा मिनिटं खालीच आहे. तुमच्या तळव्याखालच्या स्प्रिंगा ताण घेतात का?"

मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "घेतात. फक्त दाबच घेणाऱ्या ठेवल्या तर कोणती सुटली, कोणती टेकली हे बघून गणित पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. सेकंदाला पन्नास वेळा ते बसत नव्हतं. चाचण्यांत फरक दिसला नाही."

"चाचण्यांत जमिनीवर कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. खुर्च्या होत्या."

"आणि चप्पल सरळ करायला वाकलं होतं कोण?"

"तरुण मुलं होती," ती म्हणाली. "ती पडत नाहीत. पाऊल पुढे टाकतात."

तिनं माझ्या नोंदी चाचणीसाठी वापरायची परवानगी मागितली. परवानगी घेताना तिनं एकदा विचारलं, "मॅडम, तुमच्या डाव्या खुब्याचे आकडे मी बघतेय. सुधारणा आली की तुमच्यावर काय मर्यादा येईल, कल्पना आहे ना?" मी म्हटलं, "एकशे चार. तुमचे किती येतात?" तिनं सांगितलं, "एकशे सात."

बागवान सरांना दुसरं पत्र महिना संपायच्या तीन दिवस आधी आलं. घटनेच्या वेळी दिवा हिरवा होता, गणनेत दोष होता, वापरकर्त्याचं कथन बरोबर आहे. आसिफनं फोन धरला होता, सर बोलत होते.

"बाई, हिरवाच होता."

"हो सर."

"आसिफ खोकी सोडतोय. त्याला सह्याद्रीचा नकाशा सापडत नाहीये. मी सांगितलं, तिसऱ्या खोक्यात, तळाला." थोडं थांबून म्हणाले, "तळालाच निघाला."

सुधारणा गुरुवारी सकाळी दहाला आली. आमच्यासारख्या बेचाळीस हजार जणांच्या अंगावर एकाच वेळी. कमरेचा दिवा मिनिटभर विझला, मग लागला. मी सतरंजीकडे पाठ करून उभी होते. मालनचा हात धरून खाली गेले, मध्ये कुठे खटका बसला नाही, आणि दोन वर्षांनी मी मांडी घालून जमिनीवर बसले. घोट्यांना फरशी गार लागली. मालननं माझ्यापुढे शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं आणि तीही बसली. दुपारपर्यंत आम्ही शेंगा फोडल्या. एकदा सहज पुढे झुकून पाहिलं. खटका. लाल.

"उठवू का?"

"नको. अजून नको."

सहाला ती गेली. जाताना दोनदा वळली.

केतकीनं सकाळीच एक गोष्ट केली होती. कडीवर माझा अंगठा नोंदवला होता. "तुझा पण लाव," म्हणाली. "न्हाणीघरात पडलीस तेव्हा कुणी नव्हतं तुझ्याजवळ, म्हणून मी कुलूप लावलं. आता आकडा तुलाच माझ्यापेक्षा जास्त कळतो." म्हणून त्या दीड तासात मी कधीही कडी उघडून, पट्ट्या टाकून, भिंतीला धरून उठू शकत होते. कुणी अडवणार नव्हतं. पावणेसातला तहान लागली. पाणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आठ पावलांवर. अंगठा कडीवर ठेवला, काढला. पुन्हा ठेवला नाही. एकशे चार हा आकडा मला कुणी शिकवलेला नव्हता, मीच काढला होता. त्याला विनवणी करता येत नाही. मी ओट्याकडे पाठ करून बसले.

साडेसातला किल्लीचा आवाज झाला. केतकी आत आली, पर्स टाकली, चपला तशाच.

"किती वेळ बसलीयस?"

"दहापासून. मध्ये दोनदा मालननं उठवलं."

तिनं पाण्याचं भांडं आणलं. मी घटाघट प्यायले. मग ती माझ्यामागे आली, काखेत हात घातले आणि वाकली. तिच्या गुडघ्यात कट्कन आवाज आला, तो दोघींनीही ऐकला. माझे बावन्न किलो एका ठिकाणाहून निघाले होते, आता ते तिच्याकडे चालले होते. कुठेतरी जाणारच होते.

"कमरेतून वाकू नकोस," मी म्हणाले. "गुडघे वाकव. पाठ सरळ ठेव. मला अंगाजवळ घे."

"उचलताना शिकवू नकोस ग."

"मणक्यावर भार पडतो अशानं."

"पडू दे. एक, दोन..."

"थांब, पाय जरा लांब ठेव एकमेकांपासून."

तिनं पाय लांब ठेवले. "आता?"

"आता उचल."